अठ्ठ्याण्णव अंश

कोल्हापुरात पाणी १०० अंशांना उकळत नाही. चंचुपात्रात तापमापी सोडून पाणी तापत ठेवावं. आधी तळाला बारीक बुडबुडे धरतात, मग सळसळ ऐकू येते, मग पाणी खदखदायला लागतं आणि पारा ९८ च्या खुणेपाशी येऊन ठाकतो. जाळ मोठा केला की पाणी जास्त उसळ्या मारतं, वाफ जास्त निघते, पारा मात्र जागचा हलत नाही. तापमापीत खोट असेल म्हणून तोच तापमापी वितळत्या बर्फात धरून पाहावा, तर तिथे तो चोख शून्य दाखवतो. खोट कशातच नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. आपल्या डोक्यावर हवेचा तेवढा थर कमी, म्हणून दाबही कमी. समुद्रकाठी पाऱ्याचा स्तंभ ७६० मिलिमीटर चढतो, तो इथे ७१० च्या आसपास राहतो. पाण्याला वाफ होऊन सुटण्यासाठी जो दाब झुगारावा लागतो तोच हलका आहे, म्हणून पाणी लवकर सुटतं. पन्हाळ्यावर गेलं तर ९७ च्याही किंचित आधी.

विज्ञान शिकवण्यात माझं सगळं नोकरीचं आयुष्य गेलं. हा प्रयोग मी प्रत्येक तुकडीकडून करून घेतला आणि प्रत्येक तुकडीत एकच गोष्ट पाहिली. पारा ९८ वर थांबलेला मुलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहत आणि प्रयोगवहीत १०० लिहीत. कुणी कुणाची नक्कल केलेली नसे, कुणाला लबाडी करायची नसे. पुस्तकात १०० छापलेलं आहे, पुस्तक मोठ्या माणसांनी लिहिलेलं आहे, तेव्हा चूक आपल्याच हातून झाली असणार, असा त्यांचा साधा हिशोब. हुशार मुलं तर पाणी कोमट व्हायच्या आतच आकडा लिहून मोकळी होत. मला त्या १०० चं फार वाईट वाटे. आठवी-नववीतलं मूल आपल्या डोळ्यांपेक्षा छापील अक्षरावर जास्त भरवसा ठेवतं, तेव्हा पुढे त्याला गतीचे तिन्ही नियम पाठ झाले तरी विज्ञान त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं.

एका वर्षी एका मुलीनं ९८ लिहिलं. पुढे कंस करून प्रश्न लिहिला, ‘पुस्तकातलं पाणी कुठल्या गावात उकळलं?’ त्या तासाला मी पुढचा धडा घेतलाच नाही. पुस्तकात त्याचं उत्तर असतं, ‘प्रमाण वातावरणीय दाबाला’ या तीन शब्दांत. पण ते शब्द मुलं वाचताना ओलांडून जातात, कारण परीक्षेत आकड्याला गुण असतात, त्या शब्दांना नसतात. वर्गात एकीचे वडील लष्करात होते आणि तेव्हा लेहला होते. आमच्या जिल्ह्यात घरटी एक जवान असलेली गावं आहेत, तेव्हा यात नवल काही नाही. तिनं फोनवर वडिलांना विचारलं. तिथे उघड्या भांड्यात डाळ कितीही वेळ ठेवली तरी शिजत नाही, कुकरशिवाय भागत नाही, असं ते म्हणाले. लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं आणि त्याच्या पुढे तापतच नाही, मग डाळीला उष्णता मिळणार कुठून? मुलांनी वर्गाच्या भिंतीवर तक्ता लावला. गाव, उंची, पाणी किती अंशांना उकळलं. सुट्टीत रत्नागिरीला जाणाऱ्यांनी तापमापी नेला, महाबळेश्वरला जाणाऱ्यांनी नेला. घरच्यांची बोलणी खाऊन मामाच्या घरी चहाचं भांडं अडवून धरलं. तापमापीचा फुगा भांड्याच्या तळाला टेकू द्यायचा नाही, हे त्यांना मी सांगण्याआधी अनुभवानं कळलं.

पण पाण्यापाशी ही गोष्ट संपते. आमच्या जिल्ह्यात याच्या पुढची गोष्ट दिवाळीनंतर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गावोगावी उघड्यावर चालू असते, आणि ती पाहायला प्रयोगशाळेची किल्ली लागत नाही. गुऱ्हाळ. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. या दोन तारखांच्या मध्ये पंचगंगा, भोगावती, दूधगंगेच्या काठचं अर्धं अर्थकारण रस आटवायच्या एका काहिलीत उकळलं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या अंगाला थंडीत मळीचा वास यायचा. तरी उष्णतेचा धडा शिकताना त्यांच्यासमोर येई तो बर्फाचा खडा आणि चंचुपात्र. काहिलीचं नावही त्या धड्यात नव्हतं. म्हणून मी वर्ग तिकडे न्यायला लागलो.

गुऱ्हाळात सगळ्यात आधी मुलांना काहिलीखालच्या भट्टीपाशी, चुलवाणापाशी उभं करावं. काहिलीत एक आदण म्हणजे ढोबळमानानं १००० किलो रस धरू. त्यातून २०० किलोंच्या घरात गूळ निघतो. म्हणजे ८०० किलो पाणी आकाशात जातं. आता फळ्यावरचं गणित इथे करायचं. रस २८ अंशांचा आत येतो, तो ९८ पर्यंत तापवायचा, म्हणजे दर किलोला ७० किलोकॅलरी, एकूण सुमारे ७० हजार. आणि ८०० किलो पाण्याची वाफ करायला दर किलोला ५४० प्रमाणे ४ लाख ३२ हजार. तापवायला लागलं त्याच्या सहापट नुसती वाफ करायला, आणि या सहापटीच्या बऱ्याच काळात पारा फारसा हलत नाही. अडीच-तीन तास चुलवाणाच्या तोंडाशी बसून एक माणूस चिपाडं सारतो आहे, घामानं निथळतो आहे, आणि तापमापी त्याची दखलसुद्धा घेत नाही. ही उष्णता जाते कुठे? पाण्याच्या कणांची एकमेकांवरची पकड सोडवण्यात. पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. ती व्याख्या मुलांना सहामाहीपर्यंत पाठ होते आणि वार्षिक परीक्षेला विसरते. चुलवाणाच्या तोंडाशी पाच मिनिटं बसून चिपाडं आत सारलेल्या मुलाला ती पुन्हा सांगावी लागली नाही.

चिपाडं उन्हात पसरून का ठेवतात, हेही तिथेच उलगडतं. ओलं चिपाड पेटवलं तर आधी त्याच्याच पोटातलं पाणी वाफ होऊन जाणार, आणि त्याला तेच ५४०. आपला जाळ आपणच पिऊन टाकणारं जळण काय कामाचं? धुराड्यातून काळा धूर येत असेल तर आत हवा कमी पडते आहे, कार्बन न जळताच वर चालला आहे. जाळ घालणारा जाणता असेल तर एका वेळी भारा कोंबत नाही. थोडं थोडं सारतो, ज्योत मोकळी ठेवतो. ज्वलनाला ऑक्सिजन लागतो, हे वाक्य मुलांनी पालथ्या पेल्याखाली विझणाऱ्या मेणबत्तीवरून शिकलेलं असतं. इथे तेच वाक्य धुराच्या रंगात वाचता येतं, आणि त्याची किंमत चिपाडांच्या ढिगात मोजता येते.

रस तापू लागला की गूळ करणारा, म्हणजे गुळव्या, त्यात चुन्याची निवळी टाकतो. आम्ही आधी लिटमसचा निळा कागद रसात बुडवला, तो लालसर झाला. उसाचा ताजा रस आम्लधर्मी असतो, त्याचा सामू पाच-सव्वापाचच्या आसपास. चुना आम्लारी. तो घातला की सामू सहाच्या थोडा वर येतो. आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार अधिक पाणी, हे समीकरण ठीक, पण गुळव्याला क्षाराशी काय देणंघेणं? त्याला भीती वेगळी. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की रसातलं सुक्रोज तुटतं. त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. हे दोघेही गोडच, पण त्यांचा दाणा सहज धरत नाही आणि हवेतलं पाणी ओढून घेण्याची त्यांना वाईट खोड. असा गूळ मऊ राहतो, पावसाळ्यात पाघळतो. ऊस तोडून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाळला तरी हेच तुकडे आधीच पडायला लागलेले असतात, म्हणून तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत गाळायचा. पण चुना जास्त झाला तर गूळ काळवंडतो. त्यामुळे गुळव्या निवळी हात राखून टाकतो, रसाचा रंग बघतो, पुन्हा थोडी टाकतो.

मग भेंडी. भेंडीची झाडं ठेचून पाण्यात चोळून काढलेलं बुळबुळीत पाणी काहिलीत पडलं की पाहता पाहता रसाचं रूप पालटतं. रसात मातीचे, मेणाचे, प्रथिनांचे इतके सूक्ष्म कण तरंगत असतात की गाळण्यानं ते धरता येत नाहीत. अशा मिश्रणाला कलिल म्हणतात, दूध हे त्याचं वर्गातलं ठरलेलं उदाहरण. भेंडीच्या चिकाचे लांबच लांब रेणू या कणांना गोळा करतात, त्यांचे पुंजके होतात, उकळीच्या बुडबुड्यांबरोबर वर येतात, आणि वर जाड, मळकट थर जमतो. ही मळी. झाऱ्यानं ती ओढून काढली की खालचा रस काचेसारखा दिसतो. मुलं इथे सगळ्यात जास्त वेळ रेंगाळतात. आणि फेस उतू येऊ लागला की गुळव्या चमचाभर तेल टाकतो, आणि काहीलभर फेस बसतो. चमचाभर तेल हजार किलो रसाला आवरतं, कारण ते रसावर तवंगासारखं पसरून बुडबुड्यांच्या पातळ पडद्यांत शिरतं आणि त्यांचा ताण मोडतं. पृष्ठताणाचा धडा शिकवताना मी ब्लेड पाण्यावर तरंगवून दाखवत असे. या एका चमच्यासमोर तो प्रयोग फिका पडला.

पाणी उडत जातं तसा पारा पुन्हा चढू लागतो. ९८ वर अडलेला तो १०० ओलांडतो, १०२ होतो. रसात साखर दाटत जाते तसतसा पाण्याच्या कणांना सुटायला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून उत्कलनबिंदू वाढतो. १०५ च्या सुमारास उतरवली तर ती काकवी. पुढे ११८ च्या आसपास उतरवला तर गूळ. प्रयोगशाळेतला नेहमीचा तापमापी ११० पर्यंतच असतो. त्याच्या पुढे नेला तर पाऱ्याला जागा उरत नाही आणि काच फुटते. म्हणून गुऱ्हाळाला जाताना अडीचशे अंशांचा वेगळा तापमापी न्यायचा, आणि तो काठीला बांधून लांबूनच काहिलीत सोडायचा. पाक अंगावर उडाला तर पाण्यासारखा निथळून जात नाही, तो चिकटून बसतो आणि शेवटपर्यंत भाजतो.

गुळव्याजवळ तापमापी नसतो. त्याची परीक्षा अशी. झाऱ्यावरचा पाक बोटावर घेऊन गार पाण्याच्या ताटलीत टाकायचा, चिमटीत धरून गोळी वळायची, आणि ताटलीच्या काठावर मारायची. ठोका खणखणीत आला तर पाक आला. गोळी चपटी झाली तर अजून अवकाश आहे. आम्ही जात असू त्या गुऱ्हाळातल्या गुळव्याला आम्ही तात्या म्हणत असू. साठीच्या पुढचे, बोटांच्या टोकांना चटक्यांनी घट्टे पडलेले. मुलांनी काहिलीवर तापमापी धरला, तात्यांनी ताटली. तापमापी ११५ दाखवत असतानाच तात्यांनी गोळी वाजवली आणि जाळ ओढायला सांगितलं. एका मुलानं धीर करून म्हटलं, “तात्या, अजून तीन अंश कमी हाय.” तात्या हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, “आकडा खरा आसंल तुझा. पर काहील उतरूस्तवर चुलवाण गप बसतंय व्हय? खालची भिंत तापल्याली, काहिलीचा बूड तापल्याला. वाफ्यात पडूस्तवर तुझं तीन अंश त्येच भरून काढतंय.” साखळी-कप्पीनं काहील उचलून, पाक निवायला ओततात त्या वाफ्यावर कलती करेपर्यंत मुलांनी तापमापी काढला नाही. पारा ११७ च्या पुढे गेला.

या प्रसंगाबद्दल माझं मत मी मुलांना स्पष्ट सांगितलं, कारण गुळव्याच्या कौतुकात वाहून जाऊन लोक कधी कधी म्हणतात की हेच खरं विज्ञान, पुस्तकं हवीत कशाला. मला ते पटत नाही. तात्यांना ‘केव्हा’ आणि ‘किती’ हे कुठल्याही प्राध्यापकापेक्षा चोख ठाऊक आहे. पण ‘का’ची किल्ली हातात आली की तीच उष्णता काहिलीतून उठून कुठल्या कुठे नेता येते. गगनबावड्याला जुलैत जो पाऊस कोसळतो, त्यातल्या प्रत्येक ग्रॅम पाण्यानं अरबी समुद्रावर वाफ होताना चुलवाणातल्याइतकीच, किंबहुना थोडी जास्त उष्णता घेतलेली असते. सह्याद्रीवर चढताना ती वाफ गार होऊन थेंब बनते तेव्हा ती उष्णता हवेला परत करते, हवा हलकी होऊन आणखी वर चढते, ढग उभे राहतात. चिपाडाचं गणित आणि मोसमी पावसाचं गणित एकच आहे, हे तात्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि वाफ्यातला पाक कधी हलवायचा हे मुलांना कुणी सांगितलं नव्हतं. दोघांनी एकमेकांना सांगायचं, एवढंच मला हवं होतं.

वाफ्यातला पाक हा प्रकार तर मोठा सुंदर. तो निवत जातो तशी त्यात मावेल त्याहून जास्त साखर अडकून राहते. अतिसंपृक्त द्रावण. साखर दाणा धरायला निमित्त शोधत असते. खुरपणीनं हलवलं, कडेचा पाक मध्ये ओढला, की जागोजागी बारीक स्फटिक धरतात, आणि एकदा सुरुवात झाली की पाक बघता बघता घट्ट होत साच्यात भरण्याजोगा होतो. लवकर हलवला तर कमी ठिकाणी दाणे धरतात आणि ते मोठे होतात, उशीर झाला तर तो वाफ्यातच थिजतो. साच्यात कापड घालून त्यात तो भरतात, वरून सारखा करतात, आणि रवा तयार होतो. मुलांनी तो ऊन ऊन असताना मोडून खाल्ला. त्या वेळी मी काही शिकवलं नाही.

पण रंगाबद्दल बोलणं भाग होतं. बाजारात पिवळाधमक गूळ आधी उचलला जातो आणि त्याला भावही जास्त, म्हणून काही ठिकाणी रसात हायड्रॉस टाकतात. हे सोडियम हायड्रोसल्फाइट. ते जबरदस्त क्षपणक आहे. रसातल्या रंगद्रव्यांचं क्षपण करून त्यांचा रंग घालवतं. कायद्यानं गुळात सल्फर डायऑक्साइड दशलक्ष भागांत ७० पेक्षा जास्त असता कामा नये. पण मर्यादा कागदावर असते आणि चमचा हातात असतो. ऑक्सिडीकरण आणि क्षपण हा धडा मुलांना सगळ्यात कोरडा वाटतो, इलेक्ट्रॉन दिले, इलेक्ट्रॉन घेतले. मी त्यांना दोन खडे दाखवले, एक पिवळा, एक तांबूस तपकिरी. पिवळा खडा कागदावर उघडा ठेवला, हवेतल्या ऑक्सिजननं त्याचा रंग पुढे हळूहळू परत गडद होत गेला. क्षपणानं घालवलेला रंग ऑक्सिडीकरणानं परत आला. त्यानंतर काही मुलींनी आपल्या आईला दुकानात काळसर गूळच मागायला लावला. रसायनशास्त्राचा यापेक्षा थेट उपयोग मी पाहिलेला नाही, आणि हे माझ्या हातून झालं याचं मला समाधान आहे.

गुऱ्हाळाखेरीज शहरातही धडे आहेत. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव घ्या. नोव्हेंबरात ९, १० आणि ११, आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडपातून सरळ गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवशी मुख, असं परंपरा सांगते. भक्तीचा भाग ज्याचा त्याचा, पण दहावीच्या मुलांना मी फक्त तारखा लिहायला सांगत असे. २२ डिसेंबरपासून मागे मोजा, १० नोव्हेंबर ४२ दिवस आधी येते. पुढे मोजा, १ फेब्रुवारी ४१ दिवसांनी येते. सूर्य दक्षिणेला जाताना ज्या वाटेवर मावळला, परत येताना तितक्याच दिवसांनी त्याच वाटेवर मावळतो. पश्चिमेपासून अठरा-एकोणीस अंश दक्षिणेकडे. तीन दिवसच का? त्या सुमारास सूर्य रोज पाव अंशाहून थोडा जास्त सरकतो, आणि त्याचं बिंब अर्ध्या अंशाचं. दोन दिवसांत तो आपल्या बिंबाएवढा बाजूला होतो. प्रकाशाचं रेषीय संक्रमण पुस्तकात तीन पुठ्ठ्यांना भोकं पाडून दाखवतात. कोल्हापूरकरांसमोर तोच प्रयोग दगडी देवळाच्या मापाचा, शतकानुशतकं चालू आहे. आणि वाटेत कुठल्या इमारतीचा कोपरा, फलक किंवा तार आली तर तो बिघडतो हेही सगळ्या शहराला माहीत आहे. मुलांनी दोन्ही वेळा जाऊन किरणं किती वाजता कुठल्या पायरीवर आली याची नोंद केली. ढग आले त्या दिवशी ‘ढग’ असं लिहिलं. ते ‘ढग’ मला फार आवडलं. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे हाही असाच एक धडा. धरण भरलं की विजेशिवाय, कुणाच्या हुकुमाशिवाय, पाण्याचा दाब प्रतिभाराला भारी ठरतो आणि दरवाजे उघडतात. तरफेचा धडा तिथे पावसात उभं राहून शिकावा.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा, बालपण काशीतलं. त्यांच्या घरात फळा होता आणि त्यांचे हुजूरबाजार मामा त्यावर त्यांच्यासाठी गणिताचं आव्हान लिहून ठेवत, ही त्यांनी सांगितलेली आठवण मी मुलांना नेहमी सांगत आलो. प्रश्न आधी समोर येतो आणि उत्तर मिळेपर्यंत तो डोळ्यांसमोर राहतो. घरात नुसता फळा असला तरी एवढं साधतं.

आमच्या फळ्यावर असाच एक प्रश्न बरेच दिवस राहिला होता. तो तात्यांनी दिला. शिरोळकडच्या त्यांच्या पाहुण्यांचा ऊस त्यांच्याकडे गाळायला आला. ऊस वाणानं तोच, दिसायला तसाच जोमदार. पण गूळ काही केल्या घट्ट होईना आणि चवीला खारट. चुना तोच, भेंडी तीच, हातही तोच. “ह्येचं सांगा मास्तर,” तात्या म्हणाले, “बाकी सगळं मला येतंय.” मुलांनी दोन्ही रानांतली माती मागवली. सारख्या वजनाची माती सारख्या पाण्यात ढवळली, निवळ पाणी गाळून घेतलं आणि दोन बशांत आटवलं. तात्यांच्या मातीच्या बशीत तळाला फिकट डाग उरला. शिरोळच्या मातीच्या बशीत पांढरा थर, नखानं खरवडण्याजोगा. क्षार. उसानं ते मुळांवाटे ओढले, रसात आणले, आणि दाणा धरण्याच्या आड तेच आले.

पण ते मातीत आले कुठून? शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनीचं दुखणं जुनं आहे. वर्षानुवर्षं पाटाचं, उपशाचं पाणी जरुरीपेक्षा जास्त दिलं, निचऱ्याला वाट ठेवली नाही, की खालची पाण्याची पातळी वर येते. मातीच्या बारीक फटींतून केशाकर्षणानं पाणी पृष्ठभागाला येतं, उन्हानं त्याची वाफ होते, आणि त्यात विरघळलेलं मीठ मागे राहतं. मुलांनी हे स्वतःच मांडलं, कारण पाणी गेलं की काय उरतं हे त्यांनी काहिलीत आणि बशीत दोन्हीकडे पाहिलं होतं. उपाय म्हणून नुसतं भरपूर पाणी पाजून भागणार नाही. खाली सच्छिद्र नळ घालून पाण्याला बाहेर जायला वाट द्यावी लागते, म्हणजे विरघळलेले क्षार त्या वाटेनं निघून जातात. एका गटानं डब्यात माती भरून, एका डब्याला तळाशी भोकं पाडून आणि दुसऱ्याला न पाडता, दोन्हींत खारं पाणी घालून उन्हात ठेवलं. बंद डब्याच्या मातीवर पांढरा पापुद्रा धरला. भोकाच्या डब्याच्या मातीवर धरला, पण पातळ, आणि गोडं पाणी घातल्यावर तो धुऊन खाली गेला. हे सगळं वहीत उतरवून मुलं तात्यांकडे घेऊन गेली. तात्यांनी दोन्ही डबे निरखून पाहिले, बोटानं पापुद्रा उचलून जिभेला लावला, आणि पुढच्या आठवड्यात आपल्या नदीकाठच्या खालच्या तुकड्यातली माती पिशवीत भरून शाळेत पाठवली. त्या तुकड्याला आठवड्याला दोनदा पाणी देत होतो, असं त्यांनी चिठ्ठीत लिहिलं होतं.